दोन सायकली आणि सव्वा इंची हिच: स्वस्तातला रॅक निवडताना केलेल्या नोंदी

८ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये बारा दिवसांची ट्रिप ठरलीये, मी, ताई आणि भाचा, गाडीने साधारण २६०० किलोमीटर आणि मुक्कामाच्या ठिकाणी सायकली. तिघांच्या सायकली न्यायच्या कशा हा प्रश्न आहे आणि बजेट फार नाहीये, म्हणून नीट विचार करून घ्यायचंय आणि इथे लिहीत जाणार आहे म्हणजे काय का ठरवलं ते नंतर आठवेल.

टपावरचा कॅरियर आधीच बाद. ताईच्या खांद्याचं दुखणं आहे, तिला डोक्याच्या वर सायकल उचलायला लावणं बरोबर नाही, आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना वर सायकली आहेत हे एकदा जरी विसरलं तरी संपलं. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक पण नको, लांबच्या रस्त्यावर पट्टे सैल पडतात आणि रॅक लावला की डिकीच उघडत नाही. गाडीला मागे हिच (ट्रेलर वगैरे जोडायचा लोखंडी जोड) आहेच, आधीच्या मालकाने बसवलेली, म्हणजे हिचचा रॅक.

आज गाडीखाली शिरून रिसीव्हर मोजला, म्हणजे हिचचं ते तोंड ज्यात रॅक आत जातो आणि आडव्या पिनने अडकतो. चौकोनी तोंड आतून ३२ मिलिमीटरला जरा जास्त, म्हणजे सव्वा इंची. पिनचं भोक चार सूत. (दोन इंची रिसीव्हरला पिन पाच सूत लागते, त्यामुळे पिन दुसऱ्याची मागून आणायची तर आधी हे बघावं.) हिचवरचा स्टिकर चिखलाने भरलेला होता, ओल्या फडक्याने पुसला तर खाली टंग वेट (हिचवर वरून पडणारा भार) २०० पाउंड लिहिलेलं, म्हणजे ९० किलोच्या आसपास. खुश झालो, पण मग गाडीचं पुस्तक काढलं तर त्यात हिचवरचा उभा भार ७५ किलो दिलाय. दोन्हीतला कमी आकडा धरायचा. म्हणजे ७५.

९ फेब्रुवारी

सायकली तोलल्या. वजनकाट्यावर आधी मी एकटा, मग सायकल उचलून मी, आणि वजाबाकी. माझी (स्टीलची, मागे कॅरियर, दोन्ही मडगार्ड) १४.३ किलो. ताईची लेडीज फ्रेम १७.१. भाच्याची २० इंची ११.२. तिन्ही मिळून ४२.६.

तीन सायकलींचा प्लॅटफॉर्म रॅक (ज्यावर सायकली चाकांवर उभ्या राहतात) स्वतःच २८ ते ३० किलोचा असतो, म्हणजे एकूण ७० च्या पुढे, मर्यादा ७५. कागदावर बसतं, पण मला ते पटत नाही कारण भार नुसता खाली नसतो तर मागेही असतो. पहिली सायकल पिनपासून चाळीसेक सेंटीमीटरवर, तिसरी मीटरच्या आसपास, आणि जेवढं लांब तेवढी हिचला पिळ जास्त, वर प्रत्येक खड्ड्यात तो झटका वाढतो. शिवाय सव्वा इंचीत चांगले रॅक बहुतेक दोनच सायकलींचे येतात, तीन-चारवाले दोन इंचीला असतात. सव्वाचं दोन करणारा अडॅप्टर मिळतो पण त्याने सगळं अजून मागे सरकतं आणि बऱ्याच रॅकच्या माहितीपत्रकात अडॅप्टर वापरू नका असं सरळ लिहिलेलं असतं.

म्हणून ठरलं, रॅक दोनचाच. भाच्याची सायकल पुढचं चाक काढून, सीट खाली करून डिकीत. आज आडवी ठेवून पाहिली, बसते.

१५ फेब्रुवारी

मित्राचा हँगिंग रॅक दोन दिवसांसाठी आणला. एक उभा खांब, त्याला मागे दोन दांडे, दांड्यांवर रबरी खाचा, त्यात सायकलच्या वरच्या नळीला लटकवायचं. सगळ्यात स्वस्त प्रकार हाच, वजन जेमतेम ११ किलो, घडी होते, भिंतीला टांगता येतो. हाच जमला असता तर विषयच संपला असता म्हणून मनापासून करून बघितलं.

माझी सायकल पटकन बसली. ताईच्या सायकलला वरची नळीच नाही, तिरकी खाली जाणारी आहे, त्यामुळे ती लटकवली की पुढचं चाक आकाशात आणि मागचं रस्त्यापासून वीतभर. सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत लावायचा आडवा बार मिळतो, तो आणून लावला, सायकल सरळ झाली, पण मग १७ किलोचं सगळं वजन त्या बारच्या दोन हुकांवर. त्या बारलाही वजनाची मर्यादा असते. ताई म्हणाली, "अरे हे सुटलं तर माझी सायकल मागच्या गाडीवर जाईल ना." मला उत्तर देता आलं नाही.

तरी बारा किलोमीटर फिरून आलो. परत आल्यावर पाहिलं तर माझं पेडल ताईच्या चेनकेसवर घासत गेलेलं, रंग जाऊन पत्रा दिसायला लागला. दोन सायकली एकमेकींना चिकटूनच असतात आणि दोन्ही झोका घेतात. अजून एक गोष्ट लक्षात आली, माझ्या ब्रेकची केबल वरच्या नळीखालून जाते आणि ती रबरी खाचेत दाबली गेली होती, मागचा ब्रेक अर्धवट लागलेला राहिला.

हँगिंग रॅक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दोन सारख्या, दांडा असलेल्या, हलक्या सायकली आणि जवळचं अंतर असेल तर मी कोणालाही हाच घे म्हणेन. कार्बनच्या फ्रेमला मात्र नको, ती नळी असं लटकवायला आणि दाबायला बनवलेली नसते. आणि आपल्या २६०० किलोमीटरला, या दोन सायकलींना, नाही.

१८ फेब्रुवारी

मग प्लॅटफॉर्म. यात सायकल चाकांवर उभी राहते, दोन चाकांना दोन घड्या, म्हणजे चाक बसतं त्या खोबणी, आणि वरून काहीतरी तिला सरळ धरून ठेवतं. हे "काहीतरी" दोन प्रकारचं, आणि माझ्या मते सगळी निवड इथेच आहे.

पहिला प्रकार: पुढच्या चाकावर येणारा हुक, रॅचेटने (एकाच दिशेने सरकणारा दातांचा खटका) दाबत खाली आणायचा, टायरवर घट्ट बसतो, फ्रेमला कुठेच हात लागत नाही. कार्बनवाल्यांनी हाच घ्यावा. दुसरा: मधोमध खांब आणि त्यावरून फ्रेमला धरणारे क्लॅम्प. हा स्वस्त पडतो.

मी आधी पहिल्याच्या मागे होतो कारण सगळे तोच चांगला म्हणतात आणि तसा आहेच. पण संध्याकाळी सायकलसमोर बसून विचार केला की हुक नेमका कुठे टेकणार, तर तो टेकतो टायरवर, फोर्कच्या अगदी जवळ, आणि तिथे माझं मडगार्ड आहे. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईल एवढीच जागा. हुक मडगार्डवर दाबला तर मडगार्ड चेपणार, नाहीतर प्रत्येक वेळी मडगार्ड काढायचं, म्हणजे चार बोल्ट. आमच्या दोन्ही सायकली स्टीलच्या आहेत, फ्रेमला क्लॅम्प लावला तर काही बिघडत नाही. म्हणजे जो महाग आहे तो आपल्याला उपयोगाचाच नाही आणि जो स्वस्त आहे तोच बरोबर बसतो. असं क्वचित होतं, म्हणून मी दोनदा तपासलं.

ताईच्या सायकलला दांडा नाही हा प्रश्न इथे कमी होतो, कारण वजन चाकांवर असतं, तो आडवा बार नुसता सायकल सरळ धरायला, त्यावर १७ किलो लटकत नाहीत.

काय हवंच: टिल्ट, म्हणजे रॅकवरची टिल्टची पिन (हिचची नव्हे) काढून सायकलींसकट रॅक मागे झुकला पाहिजे, कारण भाच्याची सायकल डिकीत आहे आणि बारा दिवस डिकी उघडल्याशिवाय जाणार नाहीत. एका सायकलची मर्यादा किमान १८ किलो. चाकांचे पट्टे नवे मिळणारे हवेत. मागच्या चाकाची घडी सरकणारी हवी, कारण ताईच्या सायकलच्या दोन अॅक्सलमधलं अंतर ११२ सेंटीमीटर आहे आणि माझ्या १०४.

काय नको: पायाने दाबून झुकणारा लिव्हर, रॅकमध्येच बसवलेली बारीक केबल लॉक (ती साध्या कटरने तुटते, वेगळं जाड लॉक घेणार), ढकलत न्यायची चाकं. या तीन गोष्टींनीच किंमत बरीच चढते.

२६ फेब्रुवारी

वापरलेला मिळाला. दोन सायकलींचा, क्लॅम्पवाला, सव्वा इंची शँक (रॅकचा रिसीव्हरमध्ये जाणारा भाग), वजन १९ किलो. नव्याच्या निम्म्याहूनही कमीत. घेण्याआधी पाऊण तास उन्हात बसून तपासला, कारण रस्त्यावर सायकल सुटली तर मागून येणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

शँक आणि आडव्या नळीचं वेल्डिंग नखाने खरवडून पाहिलं, रंगात केसासारखी रेघ दिसली तर घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. नव्हती. शँक पिळलेला नाही ना ते फरशीवर ठेवून पाहिलं. पिनचं भोक लांबट झालंय का ते पाहिलं, लांबट म्हणजे वर्षानुवर्षं सैल चालवलाय. क्लॅम्पचे रॅचेट प्रत्येकी दहा वेळा ओढून सोडले, एकाचा एक दात गेलेला, पुढच्या दातावर घट्ट धरतो. गंज फक्त बोल्टांवर. चाकांचे पट्टे उन्हाने कडक झालेले, वाकवला तर चीर पडली, ते चारही नवे घेणार.

विकणाऱ्या काकांनी मूळ पिन, किल्ली आणि माहितीपत्रकही जपून ठेवलं होतं. माहितीपत्रक मिळाल्याचा जास्त आनंद झाला. त्यात एका सायकलला २० किलो आणि अॅडॅप्टर नको, कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलरच्या मागे लावू नका असं स्पष्ट आहे. आमचा एकूण भार आता ३१.४ आणि १९, म्हणजे ५०.४ किलो. ७५ मध्ये आरामात.

१ मार्च

बसवला आणि पहिलाच प्रश्न, हलतो. रॅकचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवलं तर खट्खट्. हिशोब केला: शँक रिसीव्हरच्या आत साधारण १५ सेंटीमीटर जातो, आत एक मिलिमीटर जरी मोकळं असलं तरी ७५ सेंटीमीटर मागे ते पाच मिलिमीटर होतं, आणि वर हँडलपर्यंत तर अजून जास्त. दर खड्ड्याला हे आपटणार, आणि पिनचं भोक लांबट होतं ते असंच.

साधी पिन काढून आटे असलेली पिन लावली, जी शँकमध्ये वेल्ड केलेल्या नटमध्ये फिरते आणि शँकला रिसीव्हरच्या एका बाजूला ओढून घट्ट धरते. खाली स्प्रिंग वॉशर. डावी-उजवी हालचाल जवळपास गेली, वर-खाली थोडी राहिली. त्यासाठी यू-बोल्ट आणि पट्टीवाला घट्ट करायचा क्लॅम्प मिळतो, रिसीव्हर आणि शँक दोन्हींना मिळून आवळतो. लावला. आता रॅक हलवला तर गाडी हलते. हे हवं होतं.

स्वस्त रॅकवर जे पैसे वाचले त्यातले थोडे इथे घालावेत असं मला अगदी ठाम वाटतं. महाग रॅकमध्ये हे आतूनच असतं, शँकमध्ये पाचर असते आणि मूठ फिरवली की ती फुगून घट्ट बसते. आपल्याला तेच बाहेरून करायचं.

७ मार्च

सायकली चढवून उभ्या गाडीवर तपासणी. जड सायकल गाडीच्या जवळ, म्हणजे ताईची आत, माझी बाहेर, आणि तोंडं उलटसुलट, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. तरी माझं पेडल तिच्या स्पोक्सच्या जवळ येत होतं, क्रँक फिरवून आडवा केला आणि पट्ट्याने बांधला. क्लॅम्प माझ्या सायकलच्या नळीवर केबलच्या जागेपासून चार बोटं बाजूला घेतला. क्लॅम्प आणि रंगाच्या मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे.

नंबर प्लेट अर्धी झाकली गेली, डावा टेललाइट चाकाच्या मागे. बहुतेक देशांत प्लेट आणि दिवे झाकून गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि दिवे तर कायद्याशिवायही दिसलेच पाहिजेत. लाइट बोर्ड घेतला, त्यावर प्लेट लावायची जागा असते आणि ब्रेक, इंडिकेटर सगळं वायरने गाडीच्या ट्रेलर सॉकेटला. हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. रॅकचं बजेट करताना हा आधीच धरावा. मागचा कॅमेरा निकामी, फक्त टायर दिसतो, आणि पार्किंग सेन्सर सतत बोंबलतात, ते बंद करून ठेवले. रिव्हर्स घेताना भाचा उतरून हात दाखवेल असं त्याने स्वतःच जाहीर केलंय.

१४ मार्च

४० किलोमीटरची चाचणी, मुद्दाम खराब रस्ता आणि स्पीडब्रेकर घेतले. भाचा मागच्या सीटवर उलटा वळून काचेतून बघत, बेल्ट लावून, जेवढं वळता येतं तेवढं. विसाव्या किलोमीटरला, "मामा, तुझ्या सायकलचं चाक गोल गोल फिरतंय." थांबलो. पुढच्या चाकाचा पट्टा घडीला बांधायचाच राहिला होता, वाऱ्याने चाक फिरत होतं. हे मला आरशात दिसलं नसतं.

परत आल्यावर दोन गोष्टी. एक, खांबाच्या बुडाचे दोन बोल्ट पाव फेरा सैल झाले. पुन्हा आवळले आणि नट ते पत्रा अशी पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ ओढली, आता सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल, पाना लावायची गरज नाही.

दुसरी गोष्ट गंभीर. सायलेन्सरचं तोंड डावीकडे, आणि ताईच्या सायकलचं मागचं चाक बरोबर त्याच्या समोर. हात लावला तर टायर नुसता कोमट नव्हता, गरम होता. तासन्‌तास चालवलं असतं तर टायर मऊ झाला असता, रबर वितळल्याची उदाहरणं आहेत. घडी उजवीकडे सरकवता येते का पाहिलं, सहा सेंटीमीटर सरकली. ते पुरेसं वाटलं नाही म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी बसवून घेतली.

२१ मार्च

पुन्हा तेच ४० किलोमीटर, पुन्हा तोच टायर. हात ठेवता येतो, आसपासच्या हवेपेक्षा किंचित गरम. बोल्टांच्या रेघा सरळ. हे झाल्यावरच ताईला सांगितलं की रॅक तयार आहे.

५ एप्रिल

निघालो. सायकलींवरून बाटल्या, पंप, लाइट, ताईची पुढची टोपली सगळं काढून गाडीत. सायकलींना कव्हर घातलं नाही, ताईचा आग्रह होता पण कव्हर वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि तो सगळा जोर क्लॅम्पवर येतो, रॅकच्या माहितीपत्रकातही नको लिहिलंय. सीटला फक्त घट्ट पिशवी. पहिला थांबा मुद्दाम ५० किलोमीटरवर, सगळे पट्टे एक-एक दात आवळले गेले.

गाडी मीटरभर लांब झालीये हे वळताना आठवत राहावं लागतं. उतारावरून सपाट रस्त्यावर येताना मागचं टोक घासेल अशी भीती होती, शँकला वर जाणारा वळसा असल्यामुळे घासलं नाही.

९ एप्रिल

दिवसभर पाऊस, हायवेवर ९० च्या वेगाने पाणी मागून फवाऱ्यासारखं सायकलींवर. संध्याकाळी चेन तांबडी. पुसून तेल दिलं, ताईच्या सायकलच्या हेडसेटमधून (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) करकर येतेय, घरी गेल्यावर उघडावा लागेल.

डिकी उघडताना टिल्ट केला तेव्हा पिन ओढायच्या आधी खांब हाताने धरायचा राहिला, पन्नास किलो एकदम मागे येतात. ताईने वेळेत धरलं. आता नियम: एक जण धरतो, "धरलंय" म्हणतो, मग दुसरा पिन ओढतो.

१७ एप्रिल

परतलो. एकूण २६४० किलोमीटर. सायकली जशा नेल्या तशा आणल्या, पेंटच्या रेघांपैकी एकच तुटली, ती अकराव्या दिवशी, उजव्या घडीच्या बोल्टची. माझ्या नळीवर क्लॅम्पच्या जागी ट्यूबचा तुकडा सरकून दोन मिलिमीटर रंग गेलाय, पुढच्या वेळी तुकडा नुसता ठेवायचा नाही, टेपने बांधायचा. पेट्रोल थोडं जास्त लागलं, नेहमी लिटरला १५ मिळतं ते १४ च्या खाली आलं.

रॅक आजच गाडीवरून उतरवला, रिकामा रॅक घडी करून ठेवला तरी प्लेट झाकतोच. शँक रिसीव्हरमधून निघायला जरा जोर लागला, पावसाने आत गंजाची पूड. उद्या दोन्ही पॉलिश पेपरने घासून पातळ ग्रीस लावायचं आणि तो दात गेलेला रॅचेट बदलायचा. भाच्याची सायकल अजून डिकीतच आहे, तो उद्या सकाळी येणार आहे चाक लावायला.